चर्चचा हॉल आणि गिरावीनची खोली

मी मूळचा चिंचवडचा, वडील कारखान्यात फिटर, इथं सिडनीला आलो स्टुडंट म्हणून आणि झालो इलेक्ट्रिशियन, काय सांगू तुम्हाला, शिकलो एक, पोटासाठी धरलं दुसरंच. मध्यंतरी एका जुन्या दगडी चर्चचं वायरिंग बदलायला गेलो, तर मागच्या हॉलमध्ये भिंतभर फोटो, इथले मूळचे लोक, अ‍ॅबोरिजिनल, कोट-टाय घालून, हातात हक्क मागणारे फलक. मी शिडीवरून बघतच राहिलो.

तिथं चहा करणारी म्हातारी त्यांच्यातलीच, सगळे तिला आंटी जून म्हणतात. ती म्हणाली, खाली उतर मेट, मान मोडेल. मग मी विचारतच सुटलो, हे कोण, इथंच का जमले? म्हणाली, दुसरीकडे जागा कोण देणार? फोनवर हॉल मोकळा असायचा, आमची तोंडं दिसली की भरलेला. इथल्या पाद्र्यानं किल्ली दिली, त्यापायी निम्मे गोरे चर्च सोडून गेले, तरी दिली. फरशीवरचा तो लाल डाग बघ, फलक रंगवताना माझ्या आईनं सांडलेला.

फोनवर मोकळा, तोंड दिसलं की भरलेला. मला गिरावीनची खोली आठवली.

पूर्वी सिडनीतल्याच गिरावीनला आम्ही मराठी पोरं घर घेऊन राहायचो, एक खोली रिकामी होती. नागपूरच्या अनिलला फोनवर मीच ये म्हटलं, तो बॅग घेऊनच आला. मी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मी म्हटलं, आमचं व्हेज किचन आहे रे. तो म्हणाला, मी अंडंसुद्धा खात नाही, दादा. तर म्हटलं, खोली कालच गेली. नो वरीज म्हणाला आणि बॅग ओढत निघून गेला. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नव्हतो, ते आंटीला बोललो.

ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग?

अनिल आता केलीव्हिलला असतो. नंबर मिळवला, सगळं बोललो. म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं, तुला आत्ता कळलं होय? घरी येऊ का म्हटलं, तर नको म्हणाला, पोरांना हे ऐकवायचं नाही मला. पण तो हॉल बघायचाय.

शनिवारी आला. आंटीजवळ बसून एकेका फोटोचं विचारत होता, आमच्याकडच्या पाणवठ्यांचं तिला सांगत होता, दोघं मध्येच हसायचे. मी कप विसळत ऐकत होतो. निघताना त्यानं आंटीला मिठी मारली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. माफ केलंस का, हे मी विचारलं नाही, तो हक्क माझा नव्हेच. सुखी राहो तो, आणि त्याची पोरंही, माझं नाव कधी न ऐकता.