पंच्यावरचं नाव

मंद्रूपची मोटर यायची होती. माझ्या शेजारी बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचा म्हातारा नवरा तिथंच गाठोड्यावर डोकं ठेवून झोपला होता.

"बजाबाई, पंच्यावर लाल दोऱ्यानं काय शिवलंयस गं?"

"नाव, आक्का. ह्येंचं समदं कुटंबी ऱ्हातंय. पंचा नदीवर, टोपी देवळात."

"आगं, पन हे तर तुजंच नाव हाय की!"

"मग काय ह्येंचं घेऊ?"

"तोंडानं कुटं घ्यायचंय? सुईनं शिवायचं."

"सुई माज्याच हातात हाय न्हवं?"

"आन् टोपीवर?"

"बजाबाई, मंद्रूप."

"सदऱ्यावर?"

"आतनं, छातीपाशी. बजाबाई, मंद्रूप."

"लोक हसत्याल की गं."

"हसू देत. औंदा गड्ड्याच्या जत्रंत ह्येच हरवलं. दोन दिस घर आटवंना. आता कुनीबी वाचंल, आन् माज्याकडं आनून सोडंल."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. सदऱ्याची कड उलटून त्यानं सावकाश अक्षरं लावली.

"तुमच्यात बजाबाई कोन?"

"मी की."

"मग बरं हाय," असं म्हणून तो पुन्हा झोपला.