ताडपत्रीची चार टोकं

माहं नाव मंदा. गावाचं नाव नका लिहू ताई, आधीच लय झालं आमच्या गावाचं. फुलसावंगीहून इकडे वळलं का नाला लागते अन् नाल्याच्या पल्याड आमचं गाव, एवढं लिहा, बस झालं. माहेर माहं राळेगावकडचं. बाप सायकली दुरुस्त करे, वावर नोतं, म्हनून मायसोबत मी लहानपनापासून लोकायच्या वावरात कापूस वेचाले जाओ. सातवीपर्यंत शाळा शिकली. बोलाची मले लय सवय, वेचता वेचता तोंड सुरूच, माय म्हने ह्या पोट्टीच्या तोंडाले कुलूप नाही, सासरी कसं निभन हिचं. अन् पाहा, जवा तोंड उघडाचं होतं तवाच नेमकं कुलूप लागलं. तेच तं सांगून राह्यली तुमाले.

लग्न करून आली तवा वरातीची गाडी नाल्याच्या अल्याडच थांबली. पान्यातून पायी आली मी, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, हातात चपला. मले सासू नोती, लग्नाच्या आधीच वारली होती, पन सासूची कसर शेजारच्या सिंधूमायनं भरून काढली. सिंधूमाय नात्याची नाही आमच्या, नुसती शेजारीन, पन तोंड असं का कोंबड्यानं बांग द्याच्या आधी तिचा आवाज आयकू ये. नवरा मेला तरी वावर कोनाले बटाईनं नाही देल्लं, कपाशी-तूर सारं सोताच्या हातानं केलं. मले भाकर थापता ये नोती बराबर, तं म्हने अवं मंदे, हे भाकर हाये का फुलसावंगीचा रस्ता, खड्डेच खड्डे. शिव्या दे अन् मंग सोताच्या टोपल्यातली भाकर मले दे. अशी ते बाई.

नाल्याचं काय सांगू तुमाले. पावसाळ्यात पूर आला का गाव बंद. मास्तर तिकडेच, लसीची नर्सबाई तिकडेच, यष्टी तं फाट्यावरूनच वापस जाये. ग्रामसभेत ठराव झाले, अर्ज झाले, दर निवडनुकीत एक जन ये अन् नाल्याकडे हात करून म्हने, इथं पूल झालाच म्हना. झालाच म्हना, झालाच म्हना, म्हनत म्हनत आमचे पोट्टे मोठे झाले.

माह्या पोरीच्या वक्ताले असंच झालं. श्रावन होता, रात्रभर पानी, अन् दिवस भराच्या आधीच सकाळी कळा सुरू झाल्या. पोरीच्या बाबानं फोन लावला, अम्बुलन्स आली, पन नाल्याच्या त्या काठावरच उभी राह्यली, तिचा दिवा फिरताना दिसे आमाले इकडून. गावात तवा शेततळं खोदाले जेसीबी आलता. सिंधूमाय म्हने त्याच्या सुपात टाका हिले अन् न्या पलीकडे, दुसरा उपाय नाही. वाकळ टाकली त्या लोखंडी सुपात अन् मले निजवलं. सिंधूमाय माह्याजवळ बसली. मशीन नाल्यात उतरलं अन् तिथंच, कडेले, कळ अशी आली का सिंधूमायनं डायवरले ओरडून थांबवलं, म्हने आता कायचं पलीकडे, हे तं इथंच होते.

सारं गाव जमा झालतं. पाऊस सुरू. तवा सिंधूमाय उभी राह्यली अन् मानसायले म्हने, तोंडं फिरवा रे भाड्याहो, तुमच्या माया-बहिनी हाये का तमाशा हाये. सारे मानसं गावाकडे तोंड करून उभे राह्यले, एकानंही मान नाही वळवली, देवाशपथ. तो डायवर बिहारचा होता बिचारा, त्यानं मशीन बंद केलं अन् डोक्याचा गमछा डोळ्यावर बांधून घेतला. अन् बायायनं सोयाबीनवर झाकाची निळी ताडपत्री आनली, चौघी चार टोकं धरून गुडघाभर पान्यात उभ्या राह्यल्या, वरतून पानी, खालून पानी, माह्यापाशी तं जशी खोलीच झाली. पोरगी झाली तवा सिंधूमायनं सोताच्या लुगड्याचा पदर फाडून तिले गुंडाळलं. एवढी झाकली मले त्यायनं ताई, एवढं कोनी माहेरी नाही झाकत.

मंग हे गोष्ट पसरली. आमचे खासदार आले, भाऊ म्हनते त्यायले सारे, आमच्याच मातीतला मानूस, घरी वावर, बैल पारखता येते असा. नाला पायी पार करून आले, ओसरीवर पोत्यावर बसले, काळा चहा घेतला. म्या सारं सांगतलं. कोन कोनत्या टोकाले होती तेही सांगतलं. आयकता आयकता भाऊच्या डोळ्यात पानी आलं, ते नाटक नोतं, मले मानूस कळते. म्हने वहिनी, हे मी लोकसभेत मांडतो, पाहतोच कसा पूल होत नाही तं.

ज्या दिवशी भाऊ बोलनार होते त्या दिवशी सरपंचाच्या ओट्यावर सारं गाव. सरपंचाच्या पोरानं मोबाईल स्पीकरले लावला. सिंधूमाय नवं लुगडं नेसून आली, दिवाळीचं. मी हासली, म्हटलं माय, मोबाईलमंधून तू थोडी दिसनार हाये. तं म्हने नाव तं निंगन वं आपलं, फाटक्यात कायले आयकाचं.

भाऊ उठले. हिंदीतून बोलले. माहं नाव घेतलं, लोक माह्याकडे पाहाले लागले, मले लाजही वाटली अन् बरंही वाटलं, खोटं काहून सांगू. मंग भाऊ म्हनले का ते बाई लोखंडाच्या सुपात पडली होती, भर पावसात, अन् सारं गाव पाहत उभं होतं, उसे ढकने के लिए एक कपड़ा तक नसीब नहीं हुआ. असं म्हनले. तिकडे सारे ओरडले, शेम शेम, शेम शेम. बाक वाजवले. इकडे आमच्या ओट्यावर गोदामावशीनं मास्तरले इचारलं, शेम म्हंजे काय जी. मास्तर खाली पाहून म्हने, लाज वाटू द्या, असं सरकारले म्हनून राह्यले ते. सरकारले वाटली का नाही मले मालूम नाही. सिंधूमाय उठली, नव्या लुगड्याची धूळ झटकली अन् घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर भेटली. मी बोलाच्या आधी सिंधूमायच बोलली. म्हने, मंदे, म्या तुही लाज झाकली, तुनं माही उघडी केली. म्हटलं माय, म्या तुमची नावं सांगतली होती, पोरीची आन घेऊन सांगतो. तं म्हने मले नको सांगू, चारचौघात सांग. पान्याचा गुंड उचलला अन् गेली.

अन् चारचौघात सांगाची येळ आली बरं. आठ-दहा दिवसानं टीवीवाले आले. त्यायच्या आधी सरपंच आले, पोरीच्या बाबाले बाजूले घेऊन सांगतलं का पुलाचा कागद हलला हाये, भाऊ खोटं बोलले असं आपल्याच गावातून निंगालं तं इरोधकायले आयतं सापडन अन् कागद जिथं हाये तिथंच राहीन. पोरीचे बाबा मले म्हने, पाह्य बाप्पा, आता तुह्या हातात हाये. धरलं तं चावते, सोडलं तं पळते, असं झालं मले. टीवीवाल्या पोरीनं तोंडापुढं माईक धरला, इचारलं, मंदाताई, खरंच तुम्हाला झाकायला कोणी पुढे आलं नाही का. मी, ताई, जिच्या तोंडाले कुलूप नाही म्हने माय, ते मी, खाली पाह्यलं अन् मान हलवली. नुसती मान हलवली. सिंधूमाय तिच्या दारात उभी होती. तिनं पाह्यलं. दार नाही लावलं तिनं, लावलं असतं तं बरं झालं असतं.

मले आजही घास घेता घेता ते मान हलवलेली आठवते, अन् घास तोंडातच राह्यते. तेव्हापासून सिंधूमायचं माह्याशी बोलनं बंद. बाकीच्या बाया बोलत, पन कामापुरतं. शेवंताच्या पोरीले पाह्याले पाव्हने आले तवा त्यायच्यातल्या एका बाईनं चहा पेता पेता इचारलं, हेच ते गाव का, जिथं बाया पाहत उभ्या होत्या. शेवंतानं ताडपत्रीचं टोक धरलं होतं. तिले काय वाटलं असन. सोयरीक नाही जुळली. म्हनते ना झाकली मूठ सव्वा लाखाची, आमच्या गावाची मूठ मी उघडी करून देल्ली अन् आत काही नाही असं जगाले दाखवलं, अन् आत तं सारं होतं.

पूल झाला. खरंच झाला. भाऊच आले उद्घाटनाले, मले स्टेजवर बोलावलं, साडीचोळी देल्ली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो काढताना मी हळूच इचारलं, भाऊ, तुमी असं काहून बोलले, म्या तं तुमाले बायायची नावं सांगतली होती. भाऊचा चेहरा उतरला. म्हने, वहिनी, दोन मिनिटं भेटते तिथं बोलाले. बायायनं झाकलं म्हटलं असतं तं दिल्लीवाले म्हनले असते, मंग काय अडलं, गाव निभावून राह्यलं ना आपलं आपलं. म्या कितीदा पाह्यलं, निभावते त्याले कोनी काही देत नाही. मंग आवाज बारीक करून म्हने, सिंधूमायच्या घरी जाची हिंमत नाही झाली मले. अन् गाडीत बसून गेले. काय बोलाचं अशा मानसाले. त्याच्यावर रागही धरता येत नाही मले, त्यानं आनलेल्या पुलावरून माही पोरगी शाळेत जाते. त्यानं तिकडे सांगतलं, म्या इकडे मान हलवली, दोघायचं मिळून ते काम झालं.

यंदाच्या उन्हाळ्यात सिंधूमायच्या छातीत दुखाले लागलं. पोरगा पुण्याले कंपनीत, सून वावरात. मी आवाज आयकला अन् धावली, फोन लावला, अन् अम्बुलन्स थेट दारात आली ताई, थेट दारात. मी सोबत बसली, तिनं नको नाही म्हटलं, म्हनाची ताकदच नोती. पुलावरून जाताना गाडीनं हिसका देल्ला अन् तिचं लुगडं पिंडरीवर सरकलं, म्या वाकून खाली ओढलं. तिनं डोळे उघडले. किती वर्सानं माह्याशी पहिल्यांदा बोलली. म्हने, झाकू नको वं मंदे, पुन्हा कोनाले तरी मान हलवा लागन. अन् हासली. छातीत दुखत होतं तरी हासली. गाडीतला डाक्टर पोट्टाही हासला, त्याले काय मालूम. मी नाही हासली. मी तिचे पाय धरले अन् दवाखाना येईपर्यंत सोडले नाही.

वाचली ते. आता घरी हाये, बिनमिठाचं खाते अन् सुनेले शिव्या देते, म्हंजे बरी हाये. मी रोज वाटीभर वरन नेऊन देतो. वाटी घेते, पन बस म्हनत नाही. पहिले बस म्हनाची गरजच नोती, मी सरळ चुलीपाशी जाऊन बसो. आता उंबरठ्यावरून वापस येतो. एवढंही देते ते लय झालं, माही लायकी त्याच्यापेक्षा कमीच हाये.

तुमी पुलाची गोष्ट लिहाले आल्या ना, खासदारानं लोकसभेत गावाचा प्रश्न कसा मांडला ते. लिहा, भाऊनं मांडला, चांगलं केलं, देव त्याले बरकत देवो. पन त्याच्याखाली हे लिहा. एक टोक सिंधूमायच्या हातात होतं, पोरगी बाहेर येईपर्यंत एका हातात टोक अन् एक हात माह्या पोटावर. दुसरं टोक शेवंतानं धरलं होतं. तिसरं गोदामावशीनं, ते वारली मागच्या वर्सी, ते शेम शेम आयकून वारली, चांगलं काही आयकलंच नाही तिनं. अन् चवथं टोक नर्मदाच्या हातात, ते तवा सोताच सातव्या महिन्याची गरवार होती अन् पान्यात उभी होती. चौघींची नावं नीट लिहा, चुकवू नका. लिहून झालं का सिंधूमायले वाचून दाखवा, तिच्या घरी जाऊन, मी नाही येत. तिनं इचारलं कोनी सांगतलं हे, तं म्हना मंदानं. मान नाही हलवली म्हना, तोंडानं सांगतलं.