वांग्यातला जवळा

भिवंडीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेक बसले होते. सून आत होती, ओठ सुजून जांभळे झालेले.

“आई, रूपाला कोळंबी चालत न्हाय, म्हायती होतं ना तुला?”

“कोळंबी कुठं घातली? वांग्यात चिमूटभर सुका जवळा घातला.”

“जवळा कोळंबीच्याच जातीचा. मिशा बघ त्याच्या, पाय बघ.”

“एवढुसा तर असतो, भूपेश.”

“मग कुटून का घातलास?”

“दिसला असता तर तिनं ताट सारलं असतं. पोटुशी हाय, अंगात ताकद नको?”

“डॉक्टर विचारतायत, काय खाल्लं. ती नुसतं वांगंच सांगतेय.”

“तिच्या माहेरी कळलं तर?”

दार उघडून नर्स म्हणाली, “रूपाचं कोण आहे? तिला श्वास घेता येत नाहीये. वांग्यात काय होतं?”

“सरक, भूपेश. मला इचारा, बाई. तिला ठावं न्हाय.”