गाडी स्लो धरत नाय

—तिकडून नको, शेठ, तिकडून नको! पुढून या. पुढून बघा काय बघायचं ते. मागं तेल सांडलंय, तुमचे पांढरे बूट खराब होतील. कुठं सांडलंय? सांडलंय हो, जिरलं जमिनीत, दिसत नाय इतकंच. मी ना? मी रोज इथंच बसते, तांदूळ निवडायला उजेड बरा पडतो. गाडीच्या ढुंगणाशी कसला उजेड म्हणता? असतो. अनंता नाय घरी. मी त्याची आय, ठमाबाई. तुम्हाला ओळखते ना मी — सोनिवलीला तुमचा बंगला, तिथं मुंबईची पोरं सुट्टीला येतात आणि या चार चाकांच्या फटफटीवर बसून बोंबलत शेताडीतून फिरतात. तीच ना ही? अनंता उल्हासनगरला गेलाय, ऑइल सील आणायला. गाडी रविवारी देईल. कुठला रविवार ते नाय सांगितलं त्याने.

काय झालंय तिला? आता मला काय विचारता, मला कार्बोरेटर आणि कुकर सारखाच — पण सांगते, ऐकून ऐकून पाठ झालंय. किक मारून मारून पोराच्या पोटरीला गोळा आला. लय नाकदुऱ्या काढल्या की एकदाची धरते, भर्रकन धूर सोडते, आणि रेस सोडली की मेली. स्लो धरत नाय. स्लो म्हणजे काय — गाडीने उभ्या जागी आपली आपण धुगधुगत राहायचं, कोणी कान पिळायला नको, त्याला हे लोक स्लो म्हणतात. अनंताने आधी प्लग काढला, तर ओला. नवा टाकला, तोपण ओला. मग म्हणाला पेट्रोल शिळं झालंय, त्यात ऑइल जास्त पडलंय — सगळं ओतून नवं मिक्स केलं. नाय. कार्बोरेटर खोलला, जेटमधी फुंकर मारली, तोंड काळं करून घेतलं. नाय. पॉइंट घासले. नाय. आता म्हणतो, इंजिन कुठून तरी हवा घेतंय, सील गेलं असणार. हवा घेतंय! घ्यायला कोण अडवतंय तिला, सोडायलाच मिळत नाय बिचारीला —

काय? नाय, काय नाय बोलले मी. तांदळात खडा हाय बोलले. केवढे खडे घालतात हल्ली रेशनवाले, बघा, बघा हा.

आणि एक सांगू? रागावू नका. तुम्ही सगळ्यांना सांगता, गाडी इम्पोर्टेड हाय, जपानची हाय. अनंताने सीट काढली तर खाली स्कूटरचं इंजिन, आणि पत्र्यावर आतून काय लिहिलेलं — डालडा! अनंता, सून नि मी, आम्ही तिघं पोट धरून हसलो. नाय नाय, कोणाला नाय सांगितलं. शेजारच्या कौसाबाईला तेवढं सांगितलं. ती कोणाला सांगत नाय, फक्त नळावर बोलते.

टेम्पो? कसला टेम्पो? आज? — अहो असं काय करता शेठ, गाडी उचलून दुसऱ्या गॅरेजला नेणार? माझ्या पोराच्या दारातून? सगळ्या मोरिवलीत त्याचं नाव हाय हो. कंपनीचे साहेब गेटवरून विचारत येतात, अनंता मिस्त्री कुठं बसतो. आणि आता ते मेले रिक्षावाले जाता-येता त्याला आवाज देतात — काय अनंता, स्लो धरली का? रात्री जेवत नाय नीट. परवा भाकरी हातात घेऊन म्हणतो कसा, आये, माझा हात गेला बहुतेक. माझ्या काळजाचं पाणी झालं. ओठावर आलं होतं, अरे हात नाय गेला तुझा, तू चुकीच्या टोकाला शोधतोयस! पण बोलले नाय. त्याने सायलेन्सरकडं हात नेला की मी ओरडते, अनंता, पाणी भर. अनंता, गॅस संपला. अनंता, छातीत कळ येते. आईच्या छातीत रोज कळ येते, तरी तो बिचारा रोज पळत येतो.

थांबा, टेम्पो राहू दे. बसा त्या टायरवर. आवाज जरा लहान करा, सून झोपलीय आत. हो, दुपारचीच. दुपारची झोपली म्हणून माझी सून आळशी नाय, सांगून ठेवते. सुनंदासारखी सून सगळ्या उल्हासनगर कॅम्पात शोधून मिळणार नाय तुम्हाला. तिला — एकवीरा आईची शप्पथ घ्या आधी. झुलेलालची घ्या मग, तुमची जी काय असेल ती. तिला तिसरा महिना चाललाय. कोणाला बोलू नका. अनंताला पण नाय माहीत. नवऱ्याला माहीत नाय आणि मी तुम्हाला सांगते, बघा, जिभेला हाडच नाय माझ्या.

आता विचाराल, याचा गाडीशी काय संबंध. हाय. कुंभारीण माशी माहीत हाय ना, ओली माती तोंडात धरून आणते, घर बांधते, आत अंडी घालून दार लिंपून घेते? आमच्यात म्हणतात, ती घरात आली की घरात पाळणा हलतो. माझ्या वेळेला तिने दिव्याच्या कोनाड्यात बांधलं होतं. सासूने महिनाभर दिवा दुसरीकडं लावला, आणि अनंता झाला. आता या पावसाळ्यानंतर ती आमच्याकडं आली. मी हात जोडले, म्हटलं बाई, कुठंही बांध, माझ्या डोक्यावर बांध. तर हिने सगळं घर सोडून कुठं बांधावं — तुमच्या जपानच्या सायलेन्सरमधी! तुम्ही ब्रेकच्या कामाला आणून टाकलीत, चालत आली होती, ती दारात उभी होती तेव्हाच. भोकाच्या तोंडाशीच. थोडीशी फट राहिलीय, तेवढ्यावर तुमची गाडी खोकते.

हसा. खुशाल हसा. मलापण हसू येतं कधी कधी. पण मागल्या वर्षीचं नाय सांगितलं तुम्हाला. मागल्या वर्षीपण सुनंदाला दिवस गेले होते, लग्नाला किती वर्षं झाल्यावर — आणि कुंभारणीने खिडकीच्या वर घर केलं होतं. अनंता चुना मारत होता, त्याने पान्याने टकटक करून पाडलं. त्याला काय माहीत! मातीचा गोळा, पाडला. आठ दिवसांत सगळं गेलं. डॉक्टरीण म्हणाली, आजी, त्याचा नि याचा काय संबंध नाय. नसेल. मी कुठं म्हणते हाय? पण मी जर अनंताला सांगितलं की सायलेन्सरमधलं घर मोडू नको, तर तो विचारणार, का? मग मला खिडकीवरचं सांगावं लागणार. आणि मग तो पोरगा जन्मभर तो पाना हातात धरेल का? तुम्हीच सांगा. मग त्याचं नाव गेलं तरी चालेल मला, हसू देत रिक्षावाले. मी बसते इथं. पिलं निघेपर्यंत बसणार. उठत नाय.

तोंड असं काय केलंत? रविवारी पाहुणे येतात, कळलं. दोन रविवार कळ काढा की. घोडा भाड्याने आणा. लाडू खाल का? सुनंदासाठी केलेत डिंकाचे, एक खा, डोकं थंड होईल. आणते, डबा इथंच दारात हाय — बघा, उठत नाय म्हणता म्हणता उठले. लय जड झालंय अंग — अहो. अहो, तुम्ही कुठं चढताय? शेठ! किक नका मारू! शेठ, तुमच्या पाया पडते, रेस नका पिळू, नका —

गेलं.

भिंतीवर जाऊन आपटलं. बंद करू नका आता. आता बंद करून काय करणार तुम्ही. चालू दे.

सरका. वाकू द्या मला. नको, मीच उचलते, तुम्ही हात लावू नका.

— शेठ, चष्मा आणलाय का तुम्ही? लावा. इकडं या. हे बघा, एकेका खोलीला भोक हाय. आत कोणी नाय. हे आता फुटलं की आधीच पडलेलं? आणि कडा बघा, कुठून कुरतडल्यात, आतून की बाहेरून? नीट बघा. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका, तुम्हाला तुमच्या पोरांची आण हाय. उन्हात धरा.

आतून? नक्की? सगळी?

सगळी आतून.

म्हणजे गेली. पंख फुटले, दार फोडलं आणि गेली, आणि मी येडी रिकाम्या घरावर पहारा देत बसले! अहो मी रडत नाय, धूर जातोय डोळ्यांत, केवढा धूर सोडते तुमची गाडी. रिकामं नाय हो हे, शेठ. सुटलेलं हाय. सुखरूप सुटलेलं. तुमच्या तोंडात साखर पडो. लाडू घ्या, दोन घ्या. मघाशी शिव्या दिल्या त्या मनातल्या मनात दिल्या, त्या धरू नका.

उठलीस गो? — काय नाय, काय नाय पडलं. शेठची गाडी चालू झाली. झोप तू.

आता ऐका. अनंताला सायलेन्सरचं काडीएवढं बोलायचं नाय. सांगायचं, मी आलो, किक मारली, पहिल्या किकेला चालू झाली. कार्बोरेटर त्यानेच साफ केला ना? केला. प्लग त्यानेच टाकला ना? टाकला. मग खोटं काय हाय त्यात? आणि गाडी घेऊन रिक्षा स्टँडवरून जा. मुद्दाम तिथं थांबा जरा. उभी करा आणि हात सोडून द्या हँडलवरून, सगळ्यांना दिसलं पाहिजे.

ऐका — कशी धरलीय बघा. कोणी हात लावत नाय आणि आपली आपण चाललीय.

जा आता. नाय, टेम्पो नको, चढा आणि चालवत न्या. आणि वळणापर्यंत रेस देऊ नका, शेठ. हळू. सून झोपलीय.