गुरुवारच्या सुया

माझं म्हायेर पळसदरीचं, धरनाच्या अंगाला, आन सासर हे इथं कळंबच्या पुढं, आन काय सांगू तुमाला, तारीबी पळसदरीचीच आन तिलाबी याच गावात दिलेली, एकाच उन्हाळ्यात आमी दोघी इथं नांदायला आलो. नवी नवरी म्हनजे मुकीच की, घरात कोनाशी बोलनार, मंग विहिरीवर आमी दोघी बोलायचो, पानी भरायचं थोडं आन बोलनं जास्ती. माझी सासू म्हनायची, हिची कळशी काय भरत नाय गं सकाळपास्नं.

तारीला झाडपाल्याचं तिच्या आजीकडनं आलेलं. तसं घरगुती आमाला सगळ्यांनाच येतं, खोकल्याला अडुळसा, गुडघ्याला निरगुडीचा शेक, पोट दुखलं तर ओवा, ते काय शिकायला जावं लागतं व्हय. पन तारीचं निराळं. डोंगरातली मुळी आनायची तर आदल्या सांजेला जाऊन त्या वेलीला आवतान द्यायचं, बुडाशी चार तांदूळ आन सुपारी ठेवायची, सांगायचं, बाई, उद्या तुला न्यायला येते. सकाळी उजाडताना खनून आनायची, आन मुळी हातात घेतल्यापास्नं आजाऱ्याच्या हातात देईस्तवर कोनाशी बोलायचं नाय, बोललं की गुन गेला. वेलीला आवतान देताना तारी अशी बोलायची जशी काय तिची मावशीच बसलीय तिथं. मी हसायची तर मला डोळे दाखवायची.

माझे मालक झोपेतच गेले. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर अंग गार. घरात दुसरं कोन नाय, अंगनात पळत आले तर रस्त्यावर तारी, डोंगराकडनं उतरत येनारी, पदरात मुळी धरलेली. वरच्या आळीत एक बाळंतीन व्हती, तिला दूध येत नवतं, पोर रडून रडून आवाज बसलेलं, तिच्यासाठी शतावरी आनलेली. मी हाक मारली, तारे, अगं तारे, बघ गं, हे उठत नायत. ती थांबली. माझ्याकडं बघितलं, डोळे भरले तिचे, तेबी दिसलं मला. पन ओ दिली नाय. खाली मान घातली आन गेली निघून.

आता मला काय म्हायती नवतं काय. त्या बाईला दूध आलं, मुळीनं आलं का देवानं दिलं, पन आलं. आन मुळी देऊन तारी तशीच धावत माझ्याकडं आली, रडत पायाशी बसली, आन मी तोंड फिरवलं. लोक समजवायला यायचे, अगं ती औषद घेऊन चालली व्हती, मी म्हनायची व्हय रं बाबा, कळतं मला. कळतं पन वळत नाय, त्याला काय करू. माझा मानूस गार पडलेला आन माझ्या हाकेला जगात ती एकच बाई व्हती. मंग वरसं गेली. घरात नळ आला, विहीर सुटली, शेजारच्या शेतात रिसॉर्ट झालं, आन आमी दोघी एका आळीत राहून एकमेकीला दिसायचो नाय.

आता सुयांचं सांगते. कर्जतच्या डाक्टरीनबाई हायत, दर गुरुवारी समाजमंदिरात येतात, दुखन्यावर अंगात सुया टोचतात, मी गुडघ्यांसाठी जाते. सगळ्यांना एकाच टायमाला गोलात मांडलेल्या खुर्च्यांवर बसवतात, म्हनून स्वस्त पडतं, दाराशी डबा हाय, ज्याला जे जमंल ते टाकायचं. सुई केसागत बारीक, डास चावतो त्याच्यापरीस कमी. मंग डोळे मिटून गप बसायचं. अशी गुंगी येते म्हनून सांगू, झोपबी नाय न जागबी नाय, वर पंखा, बाहेर गवती चहा उकळतोय त्याचा वास, कोनतरी घोरतंय, आन मला खाचरातलं पानी दिसतं, मालक बांधावरनं चालतात, बोलत नायत, नुसते चालतात. गुडघे हलके व्हतात का मन, ते मी डाक्टरीनबाईंना विचारलं तर हसत पुढच्या खुर्चीकडं वळल्या.

एका गुरुवारी तारीची सून तिला धरून घेऊन आली. झटका आला व्हता, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. पनवेलला मोठ्या दवाखान्यात राहून आलेली. डाक्टरीनबाई सुनेला म्हनाल्या, तिथल्या गोळ्या आणि व्यायाम बंद करायचा नाही, सुयांनी थोडं बरं वाटेल, पण वाचा येईलच असं मी सांगणार नाही. आन मोकळी खुर्ची कुठली, तर माझ्या शेजारची. खरं सांगते, मला उठून जायचं व्हतं, पन पायात सुया, हलनार कशी.

बसली ती. तोंडाच्या कडंनं लाळ गळत व्हती आन ती डाव्या हातानं पदर शोधत व्हती. माझे हात मोकळे, मी पुसलं. येवढी वरसं मी मनात म्हनत व्हते, एकदा मला ओ दे, मंग बघू, आन आता तिच्याकडं ओ द्यायला वाचाच नाय. मला भ्या वाटलं, ही अशीच गेली तर काय करू मी.

मंग मी दर गुरुवारी तिच्याच शेजारी बसायला लागले. डाक्टरीनबाई म्हनाल्या, बोलत राहा, तिला समजतं. मी हळूच म्हनायची, तारे. ती छताकडं बघायची. सून म्हनायची, राहू द्या मावशी, दमाल तुमी.

एकदा अशीच गुंगी लागली, आन मी कुठं, तर माझ्या अंगनात, तीच सकाळ, पायात चप्पल नाय, आन मी हाका मारतेय, तारे, अगं तारे, बघ गं, हे उठत नायत. तोंडानं बोलले का मनात, ते देवाला म्हायती. आन शेजारनं आवाज आला, ओ. जाड, वाकडी, घशातनं ओढून काढलेली. डोळे उघडले तर तारी माझ्याकडं बघतेय आन तिच्या डोळ्यातनं पानी चाललंय.

सुयांनी आली का गोळ्यांनी का आपसूक, डाक्टरीनबाईबी सांगत नायत. तेवढंच येतं तिला अजून, दुसरा शब्द नाय. आता मी जाता-येता तिच्या दाराशी थांबते, काम काय नसतं, उगंच हाक मारते, तारे. ती आतनं ओ देते. मंग मी जाते आपली पुढं.