आईच्या ब्रोचचा डॉलर

हवाई बेटांवरच्या हिलो शहरात, नाण्यांच्या दुकानात काउंटरपाशी माझ्या पुढे दोघं भाऊबहीण उभी होती.

“दादा, आईच्या ब्रोचची पिन कुठाय?”

“कापून घेतली. राजा कालाकाउआचा डॉलर आहे तो, नोहेआ. माझ्या संग्रहात तेवढाच नव्हता.”

“संग्रह घाल चुलीत! आई दर रविवारी तो लावून चर्चला जाते.”

“तिला आता दिसतं कुठे?”

“चाचपून बघते ना! आणि मागे हा डाग कसला?”

“पिन जोडली होती त्या डाखाचा. निघत नाही. दुकानदार म्हणतो, असलं नाणं कोणी संग्रहात ठेवत नाही.”

“म्हणजे तुझ्याही कामाचं नाही आणि तिच्याही नाही.”

“पुन्हा पिन बसवून देतो. कुणाला कळणारही नाही.”

“ब्रोच सापडेना, तर काल लेहुआला चोर ठरवून हाकललं मी! सहा वर्षं आईला अंघोळ घालतेय ती.”

“मग आता?”

“पिन राहू दे. आधी लेहुआच्या घरी चल आणि तिच्या पोरांसमोर सांग, चोर कोण ते.”