मावशीसाठी वही

सोलापुरात दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन लसीच्या रांगेत बसले होते. शेजारी मंगळवेढ्याकडच्या धनगर मायलेकी. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला डॉक्टरांचा दाखला हवा होता.

“रुपे, आजूनबी इचार कर. रगत बघून चक्कर येती तुला.”

“हुईल सवय, आये.”

“औंदा मेंढी व्याली तवा? मेंढी गप उबी, आन् आमी समदी तुझ्या तोंडावर पाणी मारतोय.”

“हसू नगंस. मावशी बाळंतपणात गेली तवाच ठरवलंय मी. नर्सच हुणार.”

“हितं नर्स लई हुत्या की, बाय. तुझी मावशी हितवर पोचलीच न्हाय. वाटंवरच गेली.”

“म्हून काय करू मग?”

“त्याच साली तू वही केलीस. कुठली मेंढी कवा व्यायची ते मांडायचं, आन् त्याच्या आदी तळ गावाजवळ टाकायचा. तुझा बा हसला हुता. पर तवापासनं एकबी मेंढी वाटंवर व्याली न्हाय.”

“ती मेंढरं हायत, आये. नुसत्या वहीनं माणूस वाचतं व्हय? मावशीसाठी कायतरी करायचंय मला.”

“मावशीसाठीच केली हुतीस की वही. रडत रडत.”



माझा नंबर आला. बाळाला तिथंच सुई टोचली तशी शेजारच्या पोरीनं डोळे गच्च मिटले. बाळ रडायचं थांबलं तरी मिटलेलेच होते.

“ताई,” ती तशीच म्हणाली, “तुमची बाळंतपणाची तारीख कुणी लिवून ठिवली हुती?”